अडवून ठेवलेला बेड

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉस्पिटलने त्यांना फुलांचा गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक लांबलचक भाषण दिलं. वॉर्ड मात्र त्यांनी आपला आपणच घरी आणला. सकाळी उजाडायच्या आत खिडक्या उघडायच्या, नाश्त्याआधी चादरी झटकून व्हायच्या, दुपारच्या वेळी आवाज बंद. घरात पेशंट म्हणाल तर एकच, त्यांचे यजमान. ते शहरातल्या बसडेपोत कंट्रोलर होते आणि निवृत्तीनंतरही सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. सगळे म्हणजे घराबाहेरचे. घरात शिट्टी कोणाच्या हातात आहे हे पहिल्यांदा आलेल्या माणसालाही दारातच कळायचं.

दुसरा पेशंट फक्त सिस्टरच्या मनात भरती होता. त्यांचे चिरंजीव. नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेले त्याला इतकी वर्षं झाली होती की जाताना नेलेल्या कोटाची फॅशन जाऊन पुन्हा आली होती. पण त्यांचा बेड तयार होता. दर सोमवारी सिस्टर त्या खोलीत जात, स्वच्छ असलेली चादर काढत, दुसरी स्वच्छ चादर घालत आणि तिचे कोपरे असे काटकोनात दुमडत की त्यावर झोपायची कुणाची छाती झाली नसती. कपाटात चिरंजीवांचे कॉलेजातले शर्ट, भिंतीवर केस वाढवलेल्या चार गवयांचं पोस्टर, कोपऱ्यात दोनच तारा उरलेली गिटार. गिटार चिरंजीव कधी शिकले नाहीत. शेजाऱ्यांचं नशीब. पण सिस्टर ती पुसत मात्र नेमाने.

"ती खोली भाड्याने देऊ या," एक दिवस कंट्रोलर म्हणाले. "घर खायला उठतं. कुणी आलं-गेलं तर चार शब्द तरी कानावर पडतील."

"बेड रिकामा नाही," सिस्टर म्हणाल्या.

"कोण आहे त्याच्यावर?"

"डिस्चार्ज झालेला नाही."

हा त्यांच्या वॉर्डातला नियम. पेशंट एक्स-रेला जावो, नाहीतर खाली जाऊन चोरून सिगरेट ओढत बसो, डिस्चार्ज होईपर्यंत बेड त्याचाच. बाहेर रांग लागली तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. कंट्रोलरना या नियमाची सवय होती. ते म्हणाले, "मग देऊन टाक डिस्चार्ज. विचार की त्याला."

सिस्टर इतक्या चटकन कबूल झाल्या की कंट्रोलरना संशय यायला हवा होता. सिस्टरना खात्री होती, मुलगा म्हणणार, "छे, माझी खोली आहे ती, कुणाला देऊ नकोस." त्यांना हे एवढंच वाक्य ऐकायचं होतं. ते ऐकायला मिळावं म्हणून त्या गावभर जाहिरात द्यायलाही तयार झाल्या असत्या. मुलगा एक दिवस परत येणार आणि त्याच खोलीत झोपणार, यावर त्यांचं उरलेलं आयुष्य उभं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी फोन लागला. चिरंजीव काहीतरी चावत होते.

"अगं, दे की," ते म्हणाले. "मला वाटलं तू केव्हाच दिली असशील."

"आणि तुझं सामान?"

"कसलं सामान?"

सिस्टरनी हवापाण्याची चौकशी केली, नातीच्या दातांची केली आणि फोन ठेवला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी तयारच नव्हता. फार समजवावं लागलं."

कंट्रोलर त्याच सोफ्यावर बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. पण कुठली गाडी अडवायची आणि कुठली सोडून द्यायची, यात त्यांची हयात गेली होती.

"हो ना," ते म्हणाले. "पहिल्यापासून हळवाच तो."

जाहिरात गेली आणि भाडेकरू बघायला येऊ लागले. खरं तर बघायचं काम सिस्टरच करत होत्या. समोर बसवून विचारत: झोप कशी लागते, घोरता का, पूर्वी कुठल्या घरात राहिला होतात आणि तिथून का सुटलात. एका विद्यार्थ्याने पोस्टर काढलं तर चालेल का असं विचारलं, तो आल्या पावली परत गेला. एका विमा एजंटने कपाट रिकामं मिळेल ना एवढंच विचारलं. सिस्टरनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा आपली छत्रीसुद्धा मागे विसरला. एक तरुण तर सगळ्याला हो म्हणत होता, पण त्याने चिरंजीवांसारखाच डाव्या हाताने कप उचलला आणि सिस्टरना तेवढंही खपलं नाही. तसा माणूस चालणार नव्हता, आणि तसा नसलेलाही चालणार नव्हता. कंट्रोलर निमूट चहा करत राहिले.

मग बाई आल्या. साठीच्या, एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात शिलाई मशीन. चौकातल्या लाँड्रीत आल्टरेशनचं काम करायच्या. लोकांच्या पँटी आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या.

"आत घ्यायच्या जास्त, की सोडायच्या?" कंट्रोलरनी विचारलं.

"आत घ्यायला कोण येतंय," बाई म्हणाल्या. "सगळे सोडायलाच येतात. आणि वर म्हणतात, धुऊन आटली."

कंट्रोलर किती तरी महिन्यांनी मोठ्याने हसले. सिस्टरनी त्यांच्याकडे बघून मुलाखत ताब्यात घेतली.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"मुलगा आहे, सून आहे. इथेच, पुलापलीकडे. त्यांना जागा कमी पडते."

"खोल्या किती?"

"तीन. एकीत ती दोघं, एकीत नातू, एकीत व्यायामाची सायकल."

मग सिस्टरनी अटी सांगितल्या. पोस्टर हलवायचं नाही. कपाट उघडायचं नाही. गिटारला हात लावायचा नाही. आणि मुलगा आला की खोली मोकळी करून द्यावी लागेल.

"मुलाची खोली ती मुलाचीच," बाई म्हणाल्या. "कधी येणारेत?"

"येईल कधीही," सिस्टर म्हणाल्या.

बाई पसंत पडल्या. कंट्रोलरना वाटलं, बायकोला माया आली. माया वगैरे काही नव्हतं. ही बाई हलवायला सोपी आहे, एवढं सिस्टरच्या अनुभवी नजरेने हेरलं होतं.

तर अशा रीतीने बाई त्या खोलीत राहू लागल्या, म्हणजे खोलीच्या एका कडेला टेकल्या. त्यांचे कपडे पिशवीतच राहिले, पिशवी खुर्चीवर, मशीन खिडकीखाली. चार गवई भिंतीवरून त्यांच्याकडे बघत. पहिले काही दिवस सिस्टर सकाळी राउंडला जात. कोपरे काटकोनात आहेत ना, शर्ट जागच्या जागी आहेत ना. बाई उठून बाजूला उभ्या राहत. एकदा म्हणाल्या, "ताई, मी रात्री गिटार वाजवली नाही, हं." सिस्टरना हसू आलं. ते त्यांनी तोंडावर हात नेऊन खोकल्यात घालवलं.

पण माणूस घरात असलं की हळूहळू पसरतं, त्याला इलाज नाही. बाई संध्याकाळी कामावरून येत आणि दिवसभरातली गिऱ्हाइकं बरोबर घेऊन येत. लग्नातला सूट दर वर्षी थोडा थोडा सोडवून घेणारा वकील. नवऱ्याच्या पँटच्या खिशात काय सापडलं ते आधी मला सांगा म्हणणारी बायको. कंट्रोलरना अखेर डेपोतल्या गोष्टी ऐकणारं माणूस मिळालं होतं. ज्या गोष्टींना सिस्टर उठून गॅस बंद करायला जायच्या, त्यांवर बाई "मग?" म्हणायच्या. आणि सिस्टर? त्या "जेवलात का" असं नाडी बघायच्या सुरात विचारत आणि ताट आधीच वाढून ठेवत. लाँड्री बंद व्हायची वेळ झाली की त्यांचं खिडकीत काहीतरी काम निघे. बाईंना एकदा यायला उशीर झाला तर दारातच फैलावर घेतलं, जणू परवानगी न घेता पेशंट बाहेर गेला होता. बाईंनी ऐकून घेतलं. नंतर कंट्रोलरना म्हणाल्या, "बरं वाटलं हो. बऱ्याच वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं."

आणि मग चिरंजीवांचा फोन आला. "आई, पुढच्या महिन्यात येतोय आम्ही तिघं. आठवडाभर."

सिस्टरच्या अंगात दहा वर्षांपूर्वीची ताकद आली. पडदे उतरले, गाद्या गच्चीवर गेल्या, नातीसाठी छोटी कॉट मागवली गेली. कुठे उतरणार, किती वाजता जेवणार, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या वॉर्डात कधी विचारत नसत. पेशंट येतोय म्हटलं की बेड तयार करायचा, बस.

आता राहिला प्रश्न बाईंचा. मोठ्या साहेबांचा कुणी नातेवाईक अचानक भरती व्हायचा असला की वॉर्डात बेड काढावा लागे. कुणाला हलवायचं, हे ठरवण्यात सिस्टरचा हात धरणारं कोणी नव्हतं. आजार किती, वय किती, हे त्या बघत नसत. भेटायला कोण येतं ते बघत. ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही त्याला व्हरांड्यात काढायचं. त्याच्या वतीने भांडायला कोण येणार? वॉर्डात याला ॲडजस्टमेंट म्हणत आणि त्याबद्दल सिस्टरचं कौतुकही होई.

"बाई, मुलगा येतोय," त्या म्हणाल्या. "तेवढा आठवडा तुम्ही तुमच्या मुलाकडे जा. ॲडजस्ट करावं लागतं."

बाईंच्या हातात सुई होती. त्यांनी आधी दोरा ओवला.

"बरं," मग म्हणाल्या. "मशीन राहू दे?"

"बाल्कनीत ठेवू."

बाई गेल्या. पिशवी भरायला त्यांना वेळ लागलाच नाही, कारण ती कधी रिकामी झालीच नव्हती. कंट्रोलर त्यांना फाटकापर्यंत सोडून आले आणि सोफ्यावर बसले.

"तिला म्हणालीस, मुलाकडे जा."

"मग? आहे ना तिला मुलगा. पुलापलीकडे तर राहतो."

"आपलाही आहे की," कंट्रोलर म्हणाले. "आपण जातो का?"

त्यावर सिस्टरनी त्यांना गोळी घेतली का विचारलं.

चिरंजीव आले. बरोबर सूनबाई, तीन वर्षांची नात आणि दोन मोठी चॉकलेटची पाकिटं. बॅगा नव्हत्या. सिस्टरना वाटलं, टॅक्सीत असतील. त्यांनी मुलाचा हात धरून त्याला थेट खोलीत नेलं आणि बाजूला उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर असं काही तेज होतं की कंट्रोलरनी नजर दुसरीकडे वळवली.

"बापरे," चिरंजीव म्हणाले. "हे सगळं अजून आहे?"

त्यांनी गिटारची एक तार छेडली, नातीने कान झाकले. सूनबाईंनी पोस्टरचा फोटो काढला. मैत्रिणींना पाठवायला. मग सगळे बाहेर येऊन बसले.

"बॅगा वर आणायला सांगू का यांना?" सिस्टरनी विचारलं.

"बॅगा हॉटेलवर आहेत ना, आई. स्टेशनजवळ घेतलंय. म्हटलं तुम्हाला या वयात त्रास कशाला? आणि हिला एसीशिवाय झोप येत नाही." ही म्हणजे नात. निदान चिरंजीवांनी बोट तिच्याकडे दाखवलं.

सिस्टर "बरं केलंस" म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर हजारो लोकांना बेड दिले, काढले, बदलले. एवढी साधी चूक त्यांच्या हाताखालच्या नव्या पोरीनेही केली नसती. जो ओपीडीला आला, दाखवून परत जाणार होता, त्याच्यासाठी त्यांनी बेड अडवून ठेवला होता. किती तरी वर्षं. आणि त्या बेडवर जी खरोखर झोपत होती, तिला त्यांनी व्हरांड्यात काढलं होतं.

आठवडाभर चिरंजीव रोज आले. दोन तास बसायचे, घड्याळ बघायचे, जायचे. वाईट मुलगा नव्हता तो. बापाचे गुडघे डॉक्टरला दाखवून आणले, आईला नवा फोन घेतला. छोट्या कॉटवर कुणी बसलंसुद्धा नाही. शेवटच्या दिवशी बाल्कनीत मशीन बघून त्यांनी विचारलं, "शिवायला लागलीस की काय?"

"भाडेकरूचं आहे."

"अरे हो. कुठेयत त्या?"

"मुलाकडे गेल्यात. आराम करायला."

"छान," चिरंजीव म्हणाले. "कुणीतरी आहे घरात हे फार बरं झालं बघ. आता मला तुमचं टेन्शन नाही." आणि त्यांनी आईला मिठी मारली. अगदी मनापासून. सुटलेल्या माणसाची मिठी असते तशी.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली तरी सिस्टर फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांना वाईट वाटत होतं, राग येत होता, आणि राग नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. नवरा जवळ होता, पण त्यांनी त्यालाही सोडलं. चपला अडकवल्या आणि चौकाची वाट धरली.

लाँड्रीत काउंटरवर मालक होता. बाईंचं नाव काढताच त्याने मागच्या दाराकडे मान वळवली. "आत आहेत. आठवडा झाला, इथेच मुक्काम आहे. मी काही बोललो नाही. पण रात्री इस्त्री बंद आहे ना, बघायला माणूस झाला."

मागच्या खोलीत वरपासून खालपर्यंत कपडे टांगलेले होते. प्लॅस्टिकमधले कोट, झगे, कुणाकुणाचे समारंभाचे पोशाख. त्यांच्याखाली टेबलाला लागून एक सतरंजी, त्यावर ती कापडी पिशवी उशीसारखी. बाई स्टुलावर बसून एक झिप उसवत होत्या.

"तुम्ही मुलाकडे गेला होतात ना?" सिस्टर म्हणाल्या. आवाज राउंडचाच निघाला, त्याला त्या काय करणार.

"गेले होते की. त्याने दार उघडलं, पिशवीकडे बघितलं, म्हणाला, किती दिवस? म्हटलं, दिवस कसले, चहाला आलेय." बाईंनी झिप ओढून बाहेर काढली. "चहा चांगला झाला होता. घेतला आणि निघाले."

सिस्टर सतरंजीकडे बघत राहिल्या. चूक झाली असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. वॉर्डात ते वाक्य डॉक्टरांनी म्हणायचं नसतं आणि सिस्टरनी तर मुळीच नाही.

"माझं चुकलं, बाई," शेवटी त्या म्हणाल्या. "घरी चला. कपाट रिकामं करून देते. पोस्टर काढते."

बाईंनी सुई कापडात खोचली. त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच सिस्टरना सोसवत नव्हतं.

"मुलगा कुठे झोपला?"

"हॉटेलात."

"हं." बाईंनी उसवलेली झिप बाजूला ठेवली. "ताई, एक विचारते. खरं सांगायचं. उद्या तो बॅगा घेऊन दारात आला, म्हणाला, आई, मी राहायलाच आलोय. तर माझं काय कराल?"

नाही हलवणार, असं म्हणणं सोपं होतं. बाईंनी ते मानूनही घेतलं असतं. सिस्टरच्या ओठांवरही आलं होतं. पण हॉटेलवर बॅगा ठेवून येणाऱ्या त्या पोराचं नाव निघालं आणि त्यांचं मन पुन्हा ती चादर बदलायला धावलं, इतकी वर्षं दर सोमवारी धावायचं तसं.

"तुम्हाला हलवीन," त्या म्हणाल्या.

"हां," बाई म्हणाल्या. "मीही हलवलं असतं." मग त्यांनी सिस्टरकडे सरळ पाहिलं. "आणि तो येईल का?"

बाहेर मालक कुणाला तरी पावती फाडून देत होता. सिस्टरनी हा प्रश्न कधी कुणाला विचारू दिला नव्हता, स्वतःलाही नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही येणार."

बाईंनी मान हलवली. सतरंजी गुंडाळून टेबलाखाली सारली, पिशवी उचलली आणि चपला शोधू लागल्या.

"मग येते मी," त्या म्हणाल्या. "जागा पक्की आहे."